हंसतां हंसतां रहस्यभेद
(नभोवाणीवरील भाषण)

एका उपाहारगृहांत बाप आणि त्याचा लहान मुलगा बसले आहेत. बाप पोलिस खात्यांतला, कडक शिस्तीचा. तो मुलाला डोळे मिटावयास सांगतो आणि या खोलींत टोप्या किती आहेत असें विचारतो. मुलगा डोळे मिटतो आणि कोणाच्या डोक्यावर कसली टोपी आहे तें एकामागून एक सांगत सुटतो. 'साईक' नांवाच्या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेचा हा आरंभ आहे. ही मालिका ७ जुलै २००६ रोजीं सुरू झाली आणि २६ मार्च २०१४ रोजीं संपली. आठ पर्वांत तिचे १२० भाग झाले.

श्रोतेहो, त्या टोप्या आपल्याही डोळ्यांपुढें असतात. आपण तर डोळे मिटलेले नसतात. फक्त त्या मोजाव्या असें आपल्या मनांत आलेलें नसतें. दिसलेलें आणि लक्षांत आलेलें यांच्यामध्यें जें अंतर असतें, त्यांतच रहस्यकथेच्या लेखकाचा सारा संसार चालतो. आणि त्या संसाराला विनोदाची जोड कशी मिळते, व वर्षानुवर्षें मालिकेला चिकटून राहणाऱ्या चोखंदळ प्रेक्षकाचें समाधान तो लेखक कसें करतो, हें मी आज आपल्यापुढें मांडणार आहें.

वरवर पाहतां रहस्य आणि विनोद यांचें सूत जमूं नये. रहस्याला प्रेक्षकाचें चित्त ताणून धरावें लागतें. विनोदाला तें सैल सोडावें लागतें. रहस्याच्या मुळाशीं बहुधा एखादें प्रेत असतें, आणि प्रेताशेजारीं हंसणें हें शिष्टाचाराला सोडून आहे. परंतु लेखकानें या विरोधांतच आपला फायदा शोधून काढला आहे. माणूस हंसला म्हणजे तें वाक्य आपलें काम करून गेलें असें त्याला वाटतें. हंसून झाल्यावर त्या वाक्याची कोणी उलटतपासणी करीत नाहीं. आपल्या जुन्या नाटकांतल्या विदूषकाला जें स्वातंत्र्य असे तें याचमुळें. त्याच्या बोलण्याकडे कोणी गंभीरपणें पाहत नाहीं, म्हणून तो खरें बोलूं शकतो. रहस्याचा धागा लपविण्यास हास्यासारखी दुसरी सोयीची जागा नाहीं.

एक कल्पित उदाहरण घेऊं. समजा, एका श्रीमंत विधवेचा खून झाला आहे. दुसऱ्या दिवशीं तिचा भाचा पोलिसांसमोर चहा घेत बसला आहे. तो चहांत एक, दोन, तीन, चार चमचे साखर घालतो, आणि हेराचा मित्र म्हणतो, 'अहो, साखरेंत थोडा चहा घाला ना!' आपण हंसतों आणि पुढें जातों. मध्यें दोन प्रवेश होऊन जातात. मग तोच भाचा आपली बाजू मांडतांना सांगतो कीं, काल रात्रीं दहा वाजतां तो औषधांच्या दुकानांत स्वतःच्या मधुमेहासाठीं औषध घेत होता. झालें! खुनी आपल्या हातीं लागला आहे. पण आपल्याला तें कळलेलें नाहीं. लेखकानें सत्याचे दोन तुकडे केले, ते एकमेकांपासून दूर ठेवले, आणि पहिल्या तुकड्यावर हंसें पांघरलें. शेवटीं हेर ते दोन तुकडे जुळवितो, तेव्हां साखरेची थट्टा आपल्याला शब्दशः आठवते. थट्टा झाली नसती तर ते चार चमचे आपण केव्हांच विसरून गेलों असतों. म्हणजे हास्य धागा लपवितें आणि सांभाळूनही ठेवतें.

हें साधावयाचें तर गोष्ट उलट्या दिशेनें विणावी लागते. खून कोणी केला, कां केला, कसा केला, आणि त्याच्या हातून चूक कोणती झाली, एवढें लेखक आधीं ठरवितात. मग त्या चुकीपासून मागें येत येत पहिल्या प्रवेशापर्यंत पोहोंचतात. अमेरिकेंत हें काम बहुधा एकटादुकटा लेखक करीत नाहीं. लेखकांचें एक मंडळच रोज एका खोलींत बसतें, आणि प्रवेशांचा क्रम भिंतीवरच्या फळ्यावर मांडून तो पुनःपुन्हां बदलला जातो. जाहिराती वजा जातां भागाला मिनिटें मिळतात सुमारें ४२. तेवढ्यांत प्रेत, तीनचार संशयित, एक खोटी वाट आणि उलगडा, इतकें सर्व बसवावयाचें. एका प्रवेशाकडून दोन कामें करून घेतल्याखेरीज हें जमत नाहीं, आणि थट्टेच्या पोटांत धागा ठेवणें हा त्यांतला सर्वांत काटकसरीचा उपाय आहे.

या खेळाचे नियम दूरचित्रवाणीच्या आधींचे आहेत. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशकानें १९२९ सालीं रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले. हेराला सांपडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दाखविला पाहिजे, आणि उलगड्यासाठीं दैवी चमत्काराचा आधार घेतां कामा नये, हे त्यांतले दोन. नभोवाणीच्या श्रोत्यांना हा गृहस्थ आणखी एका कारणानें मनोरंजक वाटेल. १९२६ च्या जानेवारींत त्यानें बी. बी. सी. वरून लंडनमध्यें दंगल उसळल्याची एक विनोदी बनावट बातमी ऐकविली, आणि पुष्कळ श्रोत्यांनीं ती खरी मानून धसका घेतला. थट्टेंत काय लपतें आणि काय लपत नाहीं, हें नियम करणाऱ्याला आधींच अनुभवानें कळलें होतें!

'साईक'चा जनक स्टीव्ह फ्रँक्स यानें या दुसऱ्या नियमाचीच गंमत केली. टोप्या मोजणारा तो मुलगा, शॉन स्पेन्सर, मोठा होऊन सांता बार्बरा शहरीं उनाडक्या करीत राहतो. दूरचित्रवाणीवरच्या बातम्या पाहून तो गुन्हेगार ओळखतो आणि पोलिसांना टेलिफोन करून सांगतो. त्याची माहिती इतकी अचूक ठरते कीं, हा स्वतःच गुन्ह्यांत सामील असावा असें पोलिसांना वाटूं लागतें. सुटकेसाठीं तो थाप मारतो कीं, मला अतींद्रिय दृष्टि आहे. ती थाप पुढें आठ पर्वें निभावून न्यावी लागते. प्रत्येक उलगड्याच्या वेळीं अंगांत आल्याचें सोंग त्याला करावें लागतें. जें निव्वळ डोळ्यांनीं पाहिलें तें जणूं परलोकांतून कळलें असें भासवावें लागतें. त्याचा बालमित्र गस हा सावध, नोकरीपेशाचा माणूस. त्याची या सोंगांत फरफट होते, आणि बराचसा विनोद तेथूनच निघतो.

आतां यांतली युक्ति पाहा. पोलिस फसतात, प्रेक्षक मात्र फसत नाहीं. शॉनची नजर ज्या वस्तूवर पडते ती वस्तु पडद्यावर क्षणभर उजळून दाखविली जाते. धागा आपल्या हातीं अगदीं उघडपणें दिला जातो. त्याचा अर्थ तेवढा दिला जात नाहीं. शिवाय बहुतेक भागांचा आरंभ बालपणांतल्या एखाद्या प्रसंगानें होतो. बाप मुलाला कांहीं धडा देतो, आणि तोच धडा पुढें त्या दिवसाच्या प्रकरणांत उपयोगी पडतो. आपल्या कीर्तनांत पूर्वरंगीं जें निरूपण होतें तें उत्तररंगांतल्या आख्यानांत सिद्ध होतें, तसाच हा प्रकार. कीर्तन नेहमीं ऐकणाऱ्याला पूर्वरंग चालू असतांनाच आख्यानाची चाहूल लागते. मालिकेचा निष्ठावंत प्रेक्षकही तसाच तयार होत जातो.

आणि येथेंच लेखकाची खरी पंचाईत सुरू होते. नवख्या प्रेक्षकाला फसविणें सोपें आहे. ज्यानें साठ भाग पाहिले आहेत, त्यांतले वीस पुनःपुन्हां पाहिले आहेत, आणि जो आपल्यासारख्याच इतरांशीं खल करीत बसतो, त्याला कसें फसवावें? 'साईक'च्या पहिल्याच भागांत शॉनचें काम करणाऱ्या जेम्स रोडे यानें रेफ्रिजरेटरवर ठेवलेला एक अननस आयत्या वेळीं उचलला आणि त्यावर एक वाक्य स्वतःच्या मनानें टाकलें. तें सर्वांना आवडलें. मग जवळ जवळ प्रत्येक भागांत कोठें तरी अननस दिसूं लागला: कधीं फळ, कधीं चित्र, कधीं नुसता उल्लेख. चाहते तो शोधूं लागले. हा खेळ पोरकट वाटेल. पण त्याचा परिणाम दूरवर झाला. अननस शोधणारा प्रेक्षक पडद्याचा कानाकोपरा न्याहाळूं लागला, म्हणजेच बापानें मुलाला लावलेली संवय आतां हजारों घरांतल्या माणसांना लागली.

अशा प्रेक्षकासाठीं लिहितांना दोन मोह होतात. पहिला मोह, केवळ त्याच्यासाठींच लिहिण्याचा. जुन्या भागांचे उल्लेख, ओळखीच्या थट्टा, आपसांतल्या खुणा यांचीच गर्दी झाली म्हणजे नवीन माणसाला परक्याच्या लग्नांत आल्यासारखें वाटतें. यावर पथ्य एकच आहे: अननसांत उलगडा असूं नये. ज्याला अननसाची गोष्ट ठाऊक नाहीं त्यालाही खुनी शोधतां आला पाहिजे. ओळखीची खूण ही जुन्या प्रेक्षकासाठीं वरचा प्रसाद. पोटभर जेवण सर्वांना सारखें.

दुसरा मोह अधिक घातक. चाहत्यांनीं खुनी आधींच ओळखला असें कळल्यावर आयत्या वेळीं दुसऱ्याच कोणाला तरी खुनी ठरवावें असें लेखकाला वाटूं लागतें. तसें त्यानें केलें तर आश्चर्य साधतें खरें, परंतु तोंवर दाखविलेले सारे धागे खोटे पडतात. ज्यानें मन लावून पाहिलें तोच ठकविला जातो, आणि ज्यानें लक्षच दिलें नाहीं त्याचें कांहींच बिघडत नाहीं. लक्ष देणाऱ्याला शिक्षा करणारी रहस्यकथा फार दिवस टिकत नाहीं, कारण तिचें सारें भांडवल तें लक्षच असतें.

या प्रश्नाचें एक टोंक 'साईक'नें स्वतःच गांठून दाखविलें. तिचा शंभरावा भाग २७ मार्च २०१३ रोजीं प्रक्षेपित झाला. १९८५ सालच्या 'क्लू' नांवाच्या विनोदी रहस्यपटाला ती मानवंदना होती. त्या चित्रपटाचे तीन वेगवेगळे शेवट तयार करून ते निरनिराळ्या चित्रगृहांत पाठविले होते. त्यांत कामें केलेले क्रिस्टोफर लॉइड, लेस्ली ॲन वॉरेन आणि मार्टिन मुल हे तिघे या भागांत संशयित म्हणून आणले गेले. आणि खुनी कोण तें ठरविण्याचा अधिकार प्रेक्षकांच्या मतांना दिला! पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रेक्षकांचा कौल वेगवेगळा घेतला गेला, आणि त्यासाठीं एकाहून अधिक शेवट आधींच चित्रित करून ठेवलेले होते.

उत्सव म्हणून ही कल्पना झकास होती. परंतु तिनें जें सिद्ध केलें तें निराळेंच. खुनी कोणीही ठरूं शकतो अशी रचना करावयाची, तर प्रत्येक धागा अनेकांना लागू पडला पाहिजे. आणि जो धागा सर्वांना लागू पडतो तो कोणालाच पकडून देत नाहीं. मतदानानें प्रतिनिधि निवडतां येतो, खुनी निवडतां येत नाहीं. प्रेक्षकाला सत्ता मिळाली, पण ज्यासाठीं तो इतकीं वर्षें येत होता, तो हरण्याचा आनंद त्या रात्रीं त्याला मिळणें शक्य नव्हतें. चाहत्याला खरोखर हवें असतें तें हें: आपण हरावें, आणि हरल्यावर मागें वळून पाहतां आपली हार न्याय्य होती असें आपल्याला पटावें.

तशी न्याय्य हार कशी असते, याचें एक उदाहरण सांगून मी हें भाषण पुरें करतों. 'मंक' ही दुसरी अमेरिकन मालिका २००२ ते २००९ पर्यंत चालली. तिचा नायक एड्रियन मंक हा नोकरी सुटलेला पोलिस हेर. जंतूंची, उंचीची, गर्दीची, दुधाचीदेखील त्याला भीति वाटते. भिंतीवरची तसबीर वांकडी दिसली तर सरळ केल्याखेरीज त्याला चैन पडत नाहीं. त्याच्या या तऱ्हांवर आपण हंसतों. परंतु वांकडी तसबीर पाहणारी नजरच खुनी शोधीत असते. त्याची पत्नी ट्रुडी १९९७ सालीं मोटारींत ठेवलेल्या बाँबनें मारली गेली, आणि इतरांचे शेंकडों धागे जुळविणाऱ्या या माणसाला तो एकच खून उलगडत नव्हता.

२००५ सालच्या एका नाताळाच्या भागांत असें दाखविलें होतें कीं, ट्रुडीनें मृत्यूपूर्वीं त्याच्यासाठीं बांधून ठेवलेली भेट त्यानें कधींच उघडलेली नाहीं. ती उघडली म्हणजे तिच्याकडून मिळावयाचें असें कांहींच उरणार नाहीं. पाहणाऱ्याला तें त्याचें दुःख वाटलें, आणि थोडी त्याची तऱ्हाही वाटली. त्यांत धागा असेल असें कोणाच्या मनांत येणार? २००९ च्या डिसेंबरांत, १२५ व्या आणि शेवटच्या भागांत, तें खोकें उघडलें. आंत ट्रुडीनें स्वतः बोलून ठेवलेली चित्रफीत होती, आणि खुन्याकडे नेणारी वाट तींतूनच निघाली.

बारा वर्षें तें खोकें त्याच्या घरांत होतें. चार वर्षें तें आपल्याही डोळ्यांपुढें होतें. आपण तें पाहिलें होतें, मोजलें नव्हतें.