दोन बोटांची परीक्षा

व्होल्वो पेंटा कंपनीचा ‘ॲक्वामॅटिक’ ड्राइव्ह 1959 साली न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात आला. अशा रचनेत इंजिन बोटीच्या आत, पंखा फिरवणारा ड्राइव्ह मागच्या भिंतीबाहेर. दोघांना जोडतो एक दातेरी शाफ्ट; तो भिंतीतल्या बेअरिंगमधून जाऊन इंजिनावरच्या दातेरी कपलरमध्ये बसतो. इंजिन जरा जरी तिरकं बसलं, की शाफ्टचे दाते कपलरचे दाते खातात आणि बेअरिंग कुरकुरू लागतं.

म्हणून ड्राइव्ह उतरवून त्याच्या जागी एक सरळ पोलादी दांडा बेअरिंगमधून कपलरमध्ये सरकवतात. तो दोन बोटांनी आत जायला हवा. हातोडी घ्यावीशी वाटली, तर थांबा! इंजिन तिरकं आहे. बहुतेक इंजिनांत पुढच्या माउंटचे नट फिरवून इंजिनाचं नाक वर-खाली करता येतं. दांड्याला ग्रीस फासलं की कपलरच्या दात्यांचे ठसे उमटतात. ते चहूबाजूंनी सारखे हवेत. रबरी माउंट हळूहळू दबत जातात, तेव्हा ड्राइव्ह उतरवाल त्या प्रत्येक वेळी दांडा घालून बघाच.