स्वतःची उडी आणि उसनी उडी

घरांत नवी गादी आली कीं तिची पहिली परीक्षा मुलें घेतात. गादीवर निजून पाहण्याची बुद्धि मोठ्यांना होते. मुलांना तिच्यावर उड्या मारण्याचीच होते. वडील माणसें रागावतात, मुलें क्षणभर थांबतात, आणि पाठ वळतांच उड्या पुन्हां सुरू होतात. या हट्टाला कारण आहे. जमिनीवर पडणाऱ्याचा वेग जमीन गिळून टाकते. गादी त्याचा थोडासा भाग परत देते. हा परतावा मुलांना विलक्षण गोड वाटतो. तो पुरेपूर मिळावा म्हणून योजलेलें जें साधन, त्याचें नांव ट्रॅम्पोलिन. अलीकडे मोठ्या शहरांतील क्रीडागृहांत तें दिसूं लागलें आहे, आणि कांहीं घरांच्या गच्च्यांवरही पोंचलें आहे. तेव्हां तें काय देतें आणि त्याच्या मोबदल्यांत काय मागतें, हें कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनीं समजून घेणें अगत्याचें आहे.

साधनाची रचना सोपी आहे. एक पोलादी चौकट, तिच्या आंत ताणून बसविलेलें मजबूत विणीचें कापड, आणि कापडाची कड चौकटीला जोडणाऱ्या पुष्कळशा स्प्रिंगा. एवढाच काय तो सरंजाम. पाहणाऱ्याला वाटतें कीं सारा लवचिकपणा कापडाचा आहे. पण मुख्यतः ताणतात त्या स्प्रिंगा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेंतील कापड ४.२८ मीटर लांब व २.१४ मीटर रुंद असतें, आणि जमिनीपासून सुमारें ११५ सेंटिमीटर उंचीवर ताणलेलें असतें.

उंच उडविलें जाण्याची हौस या साधनाहून जुनी आहे. अलास्कांतील इनुपियाक लोक देवमाशाची शिकार चांगली साधली म्हणजे उत्सव करतात; त्यांत कातड्यांची मोठी चादर अनेक जण भोंवतीं उभे राहून धरतात आणि एकेकाला तिच्यावरून उंच उडवितात. आधुनिक ट्रॅम्पोलिनची कल्पना मात्र सर्कशीच्या तंबूंत सुचली. १९३० सालीं अमेरिकेंतील आयोवा राज्यांत जॉर्ज निसेन नांवाचा सोळा वर्षांचा मुलगा सर्कस पाहावयास गेला होता. झुल्यावरचे कसरतपटू शेवटीं खालच्या जाळ्यांत उडी टाकीत, आणि जाळें त्यांना एकवार वर उसळवी. तेथें खेळ संपे. निसेनच्या मनांत मात्र तो तेथूनच सुरू झाला. ही उसळी चालूच ठेवतां आली तर काय बहार होईल, या विचारानें त्यानें घरच्या मोटारखान्यांत खटपट आरंभिली. पुढें आयोवा विद्यापीठांत लॅरी ग्रिसवोल्ड यांच्या साहाय्यानें १९३४ च्या सुमारास लोखंडी पट्ट्यांची चौकट, कॅनव्हास आणि स्प्रिंगा यांचें साधन त्यानें सिद्ध केलें. १९३७ सालीं कसरतीच्या दौऱ्यावर मेक्सिकोंत असतां पाण्यांत सूर मारण्याच्या फळीला स्पॅनिश भाषेंत ‘ट्रॅम्पोलिन’ म्हणतात, असें त्याच्या कानीं आलें, आणि तेंच नांव त्यानें उचललें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत अमेरिकेच्या नौदलानें वैमानिकांना हवेंत उलटेंसुलटें होऊनही दिशेचें भान राखण्यास शिकविण्यासाठीं हें साधन वापरलें. पहिली जागतिक स्पर्धा १९६४ सालीं लंडन येथें झाली, आणि २००० सालीं सिडनी येथें ऑलिंपिक सामन्यांत या खेळाला स्थान मिळालें. निसेन २०१० सालीं वयाच्या ९६ व्या वर्षीं वारले.

आतां ही उडी येते कोठून, तें पाहूं. कापड स्वतः कांहींच निर्माण करीत नाहीं. तें ठेव स्वीकारणाऱ्या पेढीसारखें आहे. वरून येणारें शरीर आपली शक्ति ताणलेल्या स्प्रिंगांत जमा करतें, आणि स्प्रिंगा आखडतांना ती परत करतात. पेढी थोडी वटणावळ कापून घेते; कांहीं शक्ति उष्णतेंत, कांहीं आवाजांत, कांहीं हवेच्या विरोधांत जाते. उडी वाढवावयाची असेल तर प्रत्येक वेळीं पायांनीं नवा रेटा देऊन ठेवींत भर घालावी लागते. अशी भर पडत गेली म्हणजे थेंबें थेंबें तळें साचतें. नामांकित पुरुष खेळाडूंच्या दहा सलग उड्यांत हवेंतील काळ सतरा-अठरा सेकंदांपर्यंत जातो. एका उडीस पावणेदोन सेकंद धरले, तर शरीर दर वेळीं सुमारें पावणेचार मीटर वर जातें, असें साध्या गणितानें निघतें. एवढ्या उंचीवरून कोलांट्या व गिरक्या घेत पुन्हां कापडाच्या मध्यावर उतरणें, यांतच त्या खेळाचें कौशल्य आहे.

उतरतांना पायांचें काय होतें, हेंही गणितानें समजतें. एक मीटर उंचीवरून पडणारें शरीर कठीण जमिनीवर दहा सेंटिमीटरांत थांबलें, तर थांबतांना पायांवर सरासरीनें शरीराच्या वजनाच्या अकरा पट भार येतो. तेंच शरीर कापडावर पन्नास सेंटिमीटर खालीं जाऊन थांबलें, तर ही सरासरी तीन पटींवर येते. कापड अगदीं तळाशीं असतां भार या सरासरीहून बराच अधिक असतो. तरीही जमिनीच्या मानानें तो सौम्यच. आपल्या आखाड्यांत हौद्याची माती उकरून भुसभुशीत करतात, त्यांतील मर्म हेंच. थांबण्याला जागा मिळाली म्हणजे मार हलका होतो. माती तो वेग जिरवून टाकते, कापड तो परत करतें, एवढाच फरक.

व्यायाम म्हणून या साधनाची योग्यता याच गुणांत आहे. १९८० सालीं प्रसिद्ध झालेल्या, नासा या अमेरिकन संस्थेशीं संबंधित संशोधकांच्या एका अभ्यासांत धांवणें आणि ट्रॅम्पोलिनवर उडणें यांची तुलना केली होती. धांवतांना घोट्याला बसणारा हिसका पाठीच्या व डोक्याच्या हिसक्याहून दुपटीपेक्षां अधिक आढळला. उडतांना मात्र तो घोटा, पाठ व डोकें यांवर बराच सारखा वांटला गेला. शिवाय दर उडीस तोल सांवरावा लागतो, पोट व पाठ ताठ ठेवावी लागते, मांड्यांना काम पडतें, श्वास जलद चालतो. आणि हें सर्व हंसत खेळत होतें. जो व्यायाम मनाला रुचतो तोच टिकतो; ज्याला टाळाटाळ करावीशी वाटते तो आठवड्याभरांत संपतो. मात्र ट्रॅम्पोलिन सर्व रोगांवरील रामबाण मात्रा आहे असा जो डांगोरा कोठें कोठें पिटला जातो, त्याला या अभ्यासाचा आधार नाहीं.

येथवर झाली ती स्वतःच्या उडीची गोष्ट. एकटा मनुष्य उडतो तेव्हां पेढींत जमा होतें तें त्याचेंच असतें. त्याची उडी त्याच्या पायांच्या बळाच्या व अंगच्या सरावाच्या प्रमाणांत वाढते. परंतु एकाच कापडावर दोघे उडूं लागले कीं हिशेबाचा घोटाळा होतो. समजा, साठ किलो वजनाचे वडील आणि वीस किलो वजनाचें मूल बरोबर उडत आहेत. वडिलांना अर्धा मीटर उचलण्यास जेवढी शक्ति लागते, तेवढीच त्या मुलाला दीड मीटर उचलण्यास पुरते. वडिलांनीं जमा केलेली शक्ति परत येत असतां नेमकें मूल कापडावर उतरलें, तर त्या शक्तीचा वांटा मुलाच्या पदरीं पडतो आणि तें अचानक कल्पनेबाहेर उडतें. ही उसनी उडी. तिच्यासाठीं त्याचे पाय तयार नसतात, तोल तयार नसतो, मन तयार नसतें. दुसरी आपत्ति याहून वाईट. वर येणारें ताठ कापड खालीं येणाऱ्या मुलाच्या पायांवर आदळतें, आणि गुडघ्याखालील नळीच्या कोंवळ्या हाडाला तडा जातो. मूल पडलें नाहीं, कोणाला धडकलें नाहीं, तरी लंगडत खालीं उतरतें, याचा उलगडा वडिलांना होत नाहीं.

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१२ सालीं जो अहवाल दिला, त्याप्रमाणें ट्रॅम्पोलिनवरील सुमारें तीन चतुर्थांश दुखापती एकाहून अधिक जण एकदम उडत असतां होतात, आणि त्यांत सर्वांत लहानास मोठ्याच्या चौदा पटींपर्यंत अधिक धोका असतो. मान व मणका यांच्या दुखापती संख्येनें थोड्या, पण त्यांचे परिणाम जन्मभराचे. कोलांटी चुकणें हें त्यांचें एक मुख्य कारण. आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत दुखापती वडील माणूस समक्ष हजर असतांना झालेल्या आढळल्या. म्हणजे नुसतें जवळ बसून वर्तमानपत्र वाचणें ही देखरेख नव्हे. घरगुती मनोरंजनासाठीं हें साधन आणूंच नये, असा त्या संस्थेचा सल्ला आहे. शिक्षकांच्या देखरेखीखालील शिक्षणाची गोष्ट ती निराळी मानते.

यावरून नियम आपोआप ठरतात. एका वेळीं एकच जण उडावा. सहा वर्षांखालील मुलांना मोठ्या साधनावर चढवूं नये. उडी कापडाच्या मध्यावर असावी. स्प्रिंगा व चौकट यांवर जाड गादी असावी, आणि खालीं कोणी शिरूं नये. कोलांटी शिक्षकाशिवाय मुळींच नको. गच्चीवर, कठड्याजवळ, तर हें साधन कधींही मांडूं नये. तेथें चुकलेल्या उडीला क्षमा नाहीं. प्रौढांना घरांत व्यायाम करावयाचा असेल तर धरण्यास दांडी असलेलें लहान साधन पुरे. त्यावर पाय फारसे न उचलतां झुलणेंही चांगला व्यायाम होय. गुडघे, पाठ किंवा हृदय यांची तक्रार असणाऱ्यांनीं व गर्भवती स्त्रियांनीं आधीं डॉक्टरांना विचारावें.

आणि सर्वांत पहिला धडा थांबण्याचा. पाय कापडाला लागतांच गुडघे वांकवून परत येणारी शक्ति मांड्यांत जिरवावयाची, कीं उडी तेथल्या तेथें विरते. चांगले शिक्षक हा धडा आधीं देतात, उंची मागाहून. ज्या मुलाला मनांत येईल तेव्हां थांबतां येतें, त्यानें मग खुशाल उंच उडावें; ती उंची त्याची स्वतःची आहे.