पाच-सातची भानगड

शेव्हरोलेच्या जुन्या व्ही-८ इंजिनाला प्लगच्या आठ वायरी असतात. त्यांतली पाच नंबरची आणि सात नंबरची वायर कधीही एकमेकींना चिकटून नेऊ नये, असं त्या इंजिनावर हात काळे केलेला कुठलाही अमेरिकन मेकॅनिक बजावून सांगतो. वायरी नव्याकोऱ्या आणि महागातल्या असल्या, तरीही. झिजलेल्या वायरी बदलणं हे घरच्या घरी करण्याजोगं काम खरं, पण ते बिघडतं ते बहुधा इथेच.

हे इंजिन १९५५ साली आलं, तेव्हा ४.३ लिटरचं होतं. पुढे ते वाढत गेलं. १९६७ च्या कॅमॅरोत त्याचा ३५० घन इंचांचा, म्हणजे ५.७ लिटरचा अवतार आला आणि वेगाचं वेड असलेल्यांच्या तो हाती लागला. ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे तिकडे डावीकडे, पुढून मागे १, ३, ५, ७ असे सिलिंडर. उजवीकडे २, ४, ६, ८. ठिणगी पडण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२. हा क्रम नीट पाहिला तर ठिणगी बहुतेक वेळा इकडून तिकडे उड्या मारते, नाहीतर मधला एक सिलिंडर सोडून पुढे जाते. फक्त पाच आणि सात हे खेटून बसलेले शेजारी लागोपाठ पेटतात.

आता या दोघांच्या वायरी हातभर अंतर समांतर नेल्या की काय होतं? पाचच्या वायरीतून वीस-पंचवीस हजार व्होल्टचा झटका जातो, तेव्हा त्याच्या प्रभावाने शेजारच्या सातच्या वायरीतही दाब उठतो. त्या क्षणी सातमधला पिस्टन पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबत वर निघालेला असतो. दाब अजून पुरता चढलेला नसल्यामुळे तिथे ठिणगी पडायला थोडे व्होल्टही पुरतात. ती पडलीच, तर मिश्रण क्रँकच्या जवळजवळ पाव फेरा आधी पेटतं आणि वर येणाऱ्या पिस्टनला खाली रेटू लागतं. इंजिन ठोके मारतं, आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर हे चालत राहिलं तर पिस्टन फुटू शकतो. एकही वायर तुटलेली किंवा जळलेली नसताना!

वायरी झिजतात कशाने, हेही पाहायला हवं. ६००० आरपीएमला आठ सिलिंडरांत मिळून सेकंदाला ४०० ठिणग्या पडतात. इतक्या दाबाच्या विजेने वायरीभोवतीच्या हवेत ओझोन तयार होतो आणि तो रबराला कडक करतो, तडे पाडतो. त्यात या गाड्यांचे मालक ओतीव लोखंडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून पातळ नळ्यांचे हेडर बसवतात. नळ्या प्लगच्या अगदी जवळून जातात आणि प्लगवरची रबरी टोपी भाजून निघते. आतून वायर म्हणजे तांब्याची तार नसते. कार्बन मुरवलेला धागा असतो, रेडिओत खरखर येऊ नये म्हणून. टोपीऐवजी वायरच धरून ओढली की तो आतल्या आत तुटतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. प्लग झिजला, त्याची गॅप वाढली, की ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात आणि तो भारही वायरीवरच पडतो. म्हणून जुन्या प्लगवर नव्या वायरी चढवणं ही मला अर्धवट काटकसर वाटते.

लक्षण ठरलेलं: गाडी जागेवर बरी चालते, पण चढावर किंवा एकदम पिकअप घेताना मिसिंग मारते. सिलिंडरमधला दाब वाढला की ठिणगी पाडायला व्होल्टही जास्त लागतात, आणि मग करंट प्लगपर्यंत जाण्याऐवजी तडा गेलेल्या जागेतून बाजूच्या लोखंडात उडी मारतो. पावसाळी हवेत हे आणखी वाढतं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली पद्मिनी ज्यांनी पावसाळ्यात चालवली आहे, त्यांना, प्लगना आळीपाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून कोरड्या फडक्याने पुसण्याचा कार्यक्रम आठवत असेल. चालू इंजिनाची एकेक वायर उपटून कुठला सिलिंडर ‘मेलाय’ ते शोधण्याची आपल्या गॅरेजांतली पद्धतही त्याच काळातली. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीवर ती वापरू नये. झटका तर जोरात बसतोच, शिवाय न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो आणि निकामी होतो.

बदलण्याचं काम इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच घ्यावं. आधी फोटो काढावा. मग एका वेळी एकच वायर: जुनी काढायची, तिच्या लांबीची नवी शोधायची, बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. आठही एकदम उपटल्या की क्रम चुकायची खात्रीच. टोपी आधी अर्धा वळसा पिळून मोकळी करावी, मग ओढावी. काढलेल्या प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर उभी काळी रेघ दिसली तर करंट तिथून बाहेर पळत होता असं समजावं; मग प्लग आणि वायर दोन्ही बदलायचे. नव्या टोपीत आतून सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवावं, आणि बसवताना ‘टक्’ ऐकू येईपर्यंत दाबावं. इतकं झालं की वायरी वेगळ्या ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या फण्यांत त्या अडकवायच्या. पाच आणि सात यांच्यामध्ये दुसरी एखादी वायर घालायची, किंवा ओलांडणं अटळच असेल तर काटकोनात ओलांडायचं.

दुकानात लाल-पिवळ्या, साडेआठ मिलिमीटर जाडीच्या वायरी मिळतात आणि त्यांनी ताकद वाढते असं विकणारे सांगतात. चांगल्या अवस्थेतल्या साध्या वायरी काढून त्या लावल्याने इंजिन जास्त ओढत नाही. वायरीचं काम आहे ते गमावू न देण्याचं. जाड आवरण उष्णता जास्त सोसतं, हा फायदा मात्र खरा. आत बारीक तारेचं वेटोळं असलेल्या वायरीचा रोधही कमी असतो. कार्बनच्या वायरीला फुटामागे काही हजार ओहम, तर हिला काही शे किंवा त्याहूनही कमी. नुसत्या तांब्याची वायर संगणक असलेल्या गाडीत लावू नये, तिच्या गोंगाटाने सेन्सर गोंधळतात.

शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या इंजिनिअरांनीही या वायरींशी बरीच झुंज घेतली. १९९२ च्या कॉर्व्हेटमधल्या एलटी-१ मध्ये त्यांनी डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागून काढून पुढे, पाण्याच्या पंपाखाली नेला. ठिणगीची वेळ जास्त नेमकी झाली, पण पंप गळला की पाणी थेट त्याच्यावर. वायरी इंजिनाच्या पोटाखालून अशा वळणांनी निघाल्या की त्या बदलायला अर्धं सामान उतरवावं लागे. त्यात १९९३ नंतरच्या कॅमॅरोचं इंजिन पुढच्या काचेखाली सरकलेलं. मागचे प्लग डोळ्यांना दिसतही नाहीत, हाताच्या अंदाजानेच शोधायचे. माझ्या मते हा अमेरिकन अभियांत्रिकीतला सर्वांत त्रासदायक वायरींचा संच असावा.

१९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये एलएस-१ आलं, ३४५ अश्वशक्तीचं, आणि डिस्ट्रिब्युटर गेलाच. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल, व्हॉल्व्ह कव्हरवर बसवलेली, आणि तिथून प्लगपर्यंत जेमतेम वीतभर वायर. क्रमही बदलून १-८-७-२-६-५-४-३ झाला. पाच-सातची जोडी सुटली; शेजाऱ्यांनी लागोपाठ पेटण्याचा मान आता तीन आणि एकला मिळाला, पण वायरी इतक्या आखूड आणि सुट्या की त्यांनी एकमेकींना छळण्याचा प्रश्न उरला नाही. उष्णतेचा उरला. म्हणून त्या टोप्यांवर धातूचं कवच असतं आणि हेडर लावणारे त्यावर काचतंतूचे मोजे चढवतात.

आपल्याकडच्या बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत कॉइल थेट प्लगच्या डोक्यावर बसते, वायर नसतेच. मग शेव्हरोलेच्या व्ही-८ ने ती का ठेवली? या इंजिनांत कॅमशाफ्ट खाली, व्हीच्या पोटात असतो आणि प्लग सिलिंडर हेडच्या कुशीतून, एक्झॉस्टला लागून तिरका शिरतो. तिथल्या भट्टीत कॉइल फार दिवस टिकणार नाही. थोडी लांब, थंड जागी ठेवून मधे वायर टाकणंच शहाणपणाचं. त्यामुळे २०२० साली इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे गेलेल्या कॉर्व्हेटमध्येही, त्या ६.२ लिटरच्या एलटी-२ वर, आठ आखूड वायरी आहेतच.