चौकातलं कालचं रेकॉर्डिंग

तिगावात आज तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरताहेत आणि चौकातल्या किराणा दुकानात मोठी माणसं एका लहानशा पडद्याभोवती जमली आहेत. पोळ्याच्या गर्दीतून एका शेतकऱ्याची मोटारसायकल चोरीला गेली आहे. दुकानदार कालची संध्याकाळ मागे मागे नेतो. झुली पांघरलेले बैल पडद्यावर उलटे चालतात. "थांब, थांब," गाडीवाला ओरडतो. साडेसहा वाजलेत तिथे. गाडी अजून जागेवर आहे.

पण बाकीच्यांची नजर गाडीवरून केव्हाच सरकली आहे. पडद्याच्या कडेला एक मुलगी एका मुलाशी बोलत उभी आहे.

"कोनाची पोट्टी होय हे?"

"मोठं करून पाय ना भाऊ."

दुकानदार चित्र मोठं करतो. चेहरा फाटून त्याचे चौकोन होतात. ओढणीचा रंग मात्र ओळखू येतो आणि तेवढ्यावर गावाचं काम भागतं. बापाचं नाव घेतलं जातं. एक जण मोबाइल काढून पडद्याचा फोटो घेतो. "काढून टाक तो," मी म्हणतो. तो माझ्याकडे बघतो आणि फोन खिशात घालतो.

सहा पन्नासला तोंडाला दुपट्टा बांधलेला माणूस गाडी ढकलत नेताना दिसतो. त्याला कुणीच ओळखत नाही. चोराने तोंड बांधलंय. मुलीने बांधलं नव्हतं, कारण तिने काही केलंच नव्हतं. माझ्या डोक्यात रक्त चढतं.

दुपारी मी पांढुर्ण्यात आहे, जाम नदीच्या काठी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची ही गोटमार. पात्राच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं, त्यावर झेंडा. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. दोन्हीकडून दगड सुटताहेत. पुलावर, गच्च्यांवर, पायऱ्यांवर माणूसच माणूस. चंडीमातेचा जयघोष उठतो आणि कुऱ्हाड घेतलेले दोघे-तिघे झाडाकडे धावतात. दगडांचा मारा असा येतो की अर्ध्यातूनच परततात. एका पोराच्या कपाळातून रक्त वाहतंय. मित्र त्याला खांद्यावर टाकून मलमपट्टीच्या तंबूकडे नेतात. 1955 पासून या खेळात दहाहून अधिक माणसांचा जीव गेला आहे, जखमी दर वर्षी शेकड्यांनी मोजले जातात. मागे प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी ते घेतले नाहीत.

डोक्यावर ड्रोन घरघरतो. काठावर कॅमेरे आहेत. गोफणीला बंदी आहे आणि ती कोण फिरवतो यावर वरून नजर आहे. तरी गर्दीत एक गोफण गरगरते. ड्रोन खाली येतो तेव्हा काही पोरं दगड उंचावून त्याला दाखवतात. इतक्या डोळ्यांसमोर दगड सुटतच राहतात. कॅमेरा आहे म्हणून गुन्हा थांबेल, असं सांगणाऱ्याने एकदा इथे येऊन उभं राहावं.

आणि हा झेंडा कशाचा? पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी पळून निघाली, नदीच्या मधोमध गाठली गेली, दोन्हीकडच्या दगडांत दोघांचा जीव गेला, अशी कथा इथे घरोघरी सांगतात. त्यांच्यासाठी आजही गाव हळहळतं. मला मात्र सकाळची ओढणी दिसत राहते. आज त्या दोघांना गाठायला नदीपर्यंत धावावंसुद्धा लागणार नाही. कुठल्या तरी चौकातला कॅमेरा त्यांची वेळ आणि दिशा सांगून टाकेल.

2017 साली पोळा 21 ऑगस्टला होता. गोटमारीचे दगड थंडावून दोन दिवस होतात न होतात, तोच 24 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. तो तिगावच्या मुलीचाही आहे, चौकात उभी असतानाही. त्याच न्यायालयाने 2 डिसेंबर 2020 रोजी देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावायला सांगितले आणि चित्रण 18 महिने, ते न जमल्यास निदान वर्षभर, जपण्याचा आदेश दिला. कोठडीतल्या माणसाला मार बसू नये म्हणून. हा कॅमेरा मला मान्य आहे. तो कुणासाठी आहे, चित्रण किती दिवस ठेवायचं, हे तिथे ठरलेलं आहे. किराण्याच्या दुकानातल्या डबीला असं काहीच ठरलेलं नाही. डिस्क भरली की जुनं पुसलं जातं, आणि तोवर ज्याला मागावंसं वाटेल त्याला मिळतं.

गाडी चोरीला गेलेल्या शेतकऱ्याचं दुःख खरं आहे. कर्ज काढून घेतलेली गाडी आहे ती. त्याच्यासाठी चित्रण जरूर उघडावं; पण तक्रार नोंदवून, पोलिसांसमोर, तेवढ्याच वेळेपुरतं. पडद्याभोवती गाव जमू नये आणि कुणाला फोटो काढता येऊ नये. त्या मुलीच्या घरी आज काय झालं असेल, हे मला ठाऊक नाही, आणि ते विचारत फिरणं म्हणजे तिचं नाव आणखी चार दारांत नेणं.

2 ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. गावातल्या प्रत्येक कॅमेऱ्याची नोंद असावी, चित्रण कुणी, कधी आणि कशासाठी पाहिलं ते वहीत लिहिलं जावं, असा ठराव मी तिथे मांडणार आहे. तिगावकरांनो, या. मुलींना घेऊन या, आणि आधी त्यांना बोलू द्या.