नेमूर : डेलावेअरमधील एक फ्रेंच बाग

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील डेलावेअर राज्यात, विल्मिंग्टन शहराच्या कडेला 'नेमूर' ही इस्टेट आहे. फ्रेंच उद्यानरचनाकार ल नोत्रने सतराव्या शतकात फ्रान्समधल्या व्हो-ल-व्हिकोंत आणि व्हर्सायच्या बागांना घालून दिलेल्या शिस्तीत आखलेली बाग अमेरिकेत पाहायची असेल, तर नेमूरइतके चांगले ठिकाण क्वचितच सापडेल. हे नाव फ्रान्समधल्या एका गावाचे आहे. पिएर सॅम्युएल द्यु पों हे अर्थविचारवंत १७८९च्या सुमारास फ्रान्सच्या प्रतिनिधिसभेत या गावाच्या वतीने बसत. सभेत आणखी एक द्यु पों असल्याने त्यांच्या आडनावापुढे 'द नेमूर' जोडले गेले.

फ्रेंच क्रांतीच्या धामधुमीतून कसेबसे वाचलेले हे कुटुंब १ जानेवारी १८०० रोजी अमेरिकेत उतरले. पिएर यांचा धाकटा मुलगा एल्युथेर इरेने हा रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएच्या हाताखाली बंदुकीची दारू बनवायला शिकला होता. अमेरिकेत मिळणारी दारू फारच हलकी असल्याचे त्याला दिसले आणि १८०२ मध्ये त्याने ब्रँडीवाइन नदीकाठी कारखाना घातला. आजच्या ड्यूपाँट कंपनीचे मूळ हेच.

इस्टेट उभारणारा आल्फ्रेड (१८६४–१९३५) हा याच घराण्यातला. तेराव्या वर्षी आईवडील दोघेही गेले. पुढे तो दारूच्या कारखान्यात स्वतः हाताने काम करत शिकला. १९०२ मध्ये घरातली वडीलधारी मंडळी कंपनी विकायला निघाली, तेव्हा आल्फ्रेडनेच अडवले आणि कोलमन व पिएर या दोन चुलतभावांबरोबर ती विकत घेतली. घरात मात्र त्याचे कोणाशी पटले नाही. पहिल्या पत्नीशी काडीमोड आणि १९०७ मध्ये अॅलिशियाशी झालेले लग्न नातेवाइकांना रुचले नाही. बोलणेचालणे तुटले, पहिल्या पत्नीपासून झालेला मुलगाही दुरावला.

अॅलिशियासाठी १९०९-१० मध्ये इस्टेटीतला प्रासाद बांधला गेला. वास्तुरचनाकार होते कॅरेर आणि हेस्टिंग्ज. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाची भव्य इमारत याच जोडीची. दोघेही पॅरिसच्या एकोल द बोझार्मध्ये शिकलेले. नमुना घेतला तो व्हर्सायच्या आवारातल्या पेती त्रियानों या छोट्या महालाचा. इस्टेटभोवती नऊ फूट उंचीची भिंत असून तिच्या माथ्यावर काचांचे तुकडे बसवलेले आहेत. भिंत चोरांसाठी की भाऊबंदांसाठी, असा प्रश्न तिचा इतिहास वाचणाऱ्याला पडतोच.

फ्रेंच बागेचा प्राण म्हणजे तिचा अक्ष, म्हणजेच घरापासून सरळ पुढे जाणारी मध्यरेषा. छत्रपती संभाजीनगरचा बीबी का मकबरा पाहिलेल्याला ही कल्पना नवी नाही. दरवाज्यापासून घुमटापर्यंत सरळ गेलेली पाण्याची वाट आणि दोन्ही बाजूंना सारखेच ताटवे तिथेही आहेत. योगायोगाने तो मकबरा आणि व्हो-ल-व्हिकोंत साधारण एकाच काळातले. फरक एवढाच की मुघल चारबाग चारी बाजूंनी भिंतींत बंद असते आणि नजर मधल्या वास्तूवर येऊन थांबते. फ्रेंच बागेत घर मागे राहते आणि नजर पुढे, दूर क्षितिजाकडे जाते. नेमूरचा अक्ष घराच्या पायऱ्यांपासून सुमारे अर्धा किलोमीटर आहे.

पायऱ्या उतरल्यावर दोन्ही बाजूंना झाडांच्या रांगा असलेली लांब हिरवी वाट लागते. तिच्या शेवटी एक एकराचे तळे. त्यात सुमारे ३० लाख लिटर पाणी मावते आणि ते भरायला तीन दिवस लागतात. मध्यभागी १५७ कारंजी आहेत. ती सुरू असली की पाणी बारा फुटांपर्यंत उडते. पण या तळ्याची खरी शोभा कारंजी बंद असताना दिसते. पाणी निश्चल झाले की सगळी वाट त्यात उलटी उमटते. तळ्याभोवती आंरी क्रेनिए या शिल्पकाराने घडवलेल्या चार ऋतूंच्या मूर्ती आहेत. पुढे हेमलॉकच्या उंच हिरव्या भिंतींआड होलीच्या बुटक्या झुडपांचा चक्रव्यूह आहे. त्यात हरवायला होत नाही. आकृती वरून डोळ्यांत भरावी म्हणूनच तो बुटका ठेवला आहे. मधोमध क्रेनिएचीच 'सिद्धी' ही सोन्याचा मुलामा दिलेली मूर्ती झळकते.

त्यापुढची स्तंभमाला प्रासादाच्या वास्तुरचनाकारांपैकी थॉमस हेस्टिंग्ज याची. ती उभारली पिएर सॅम्युएल आणि एल्युथेर इरेने या दोन पूर्वजांच्या स्मरणार्थ. जिवंत नातलगांना भिंतीबाहेर ठेवणाऱ्या माणसाने आपल्या घरासमोर सरळ रेषेत पूर्वज उभे केले, ही या बागेतली सर्वांत बोलकी गोष्ट आहे.

स्तंभमालेपलीकडची खोलगट बाग १९२८ ते १९३२ या काळात झाली. ती रेखली आल्फ्रेड व्हिक्टर द्यु पों आणि त्याचा भागीदार गाब्रिएल मासेना यांनी. आल्फ्रेड व्हिक्टर म्हणजे तोच दुरावलेला मुलगा. मधल्या काळात बापलेकांची दिलजमाई झाली होती आणि तोही पॅरिसहून वास्तुकला शिकून आला होता. ट्रॅव्हर्टाइन दगडाच्या भिंती, जिने, गुहेसारखे कोनाडे आणि शिल्पकार साराबेझोल याची शिल्पे असलेला हा भाग वडिलांच्या काटेकोर हिरवळीहून अधिक नाट्यमय आहे. अक्षाच्या शेवटी, तळ्यांपलीकडे, प्रेममंदिर. त्या गोल छत्रीखाली उदाँ या अठराव्या शतकातल्या थोर फ्रेंच शिल्पकाराची ब्राँझची डायना उभी आहे.

अॅलिशिया १९२० मध्ये वारली. पुढल्याच वर्षी आल्फ्रेडने जेसी बॉलशी लग्न केले. १९३५ मध्ये फ्लोरिडात त्याचे निधन झाले. मुलगा आणि मासेना यांनीच इस्टेटीत २१० फूट उंचीचा घंटामनोरा बांधला. आल्फ्रेड आणि जेसी यांना तिथेच पुरले आहे.

मृत्युपत्राने संपत्तीचा मोठा वाटा अपंग मुलांच्या उपचारासाठी गेला आणि १९४० मध्ये इस्टेटीच्या आवारातच रुग्णालय सुरू झाले. आज ते नेमूर बालरुग्णालय म्हणून ओळखले जाते. जेसी १९७० मध्ये गेली आणि १९७७ पासून घर व बाग लोकांसाठी खुली झाली. २००५ ते २००८ या काळात मोठा जीर्णोद्धार झाला. प्रासाद, बाग आणि रुग्णालय तिन्ही आता एकाच संस्थेच्या मालकीची आहेत.