ऐकवणारे – ६ : मायदेशी न पोचलेला आवाज

जॅझवर लिहिणं, रेडिओवर बोलणं आणि रेकॉर्डी लावणं ही तीन कामं अमेरिकेत बरेचदा एकाच माणसाच्या वाट्याला येत. एका कामावर घर चालत नसे, हे त्यामागचं साधं कारण. रेकॉर्डच्या वेष्टनामागचा मजकूर लिहायचा, रात्री स्टेशनवर बसायचं, सुट्टीच्या दिवशी मैफल भरवायची आणि मंचावर जाऊन कलावंतांची ओळखही आपणच करून द्यायची. विलिस कॉनोव्हर याच जातकुळीतला. पण त्याचे श्रोते कोट्यवधी होते आणि त्यांत अमेरिकेत राहणारे जवळजवळ कुणीच नव्हते.

जन्म १९२०चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. वडील लष्करात, म्हणजे बदल्या आल्याच. शाळकरी वयात त्याला जॅझचं नाही, भयकथांचं वेड होतं. या वेडापायी पोराने स्वतःचा छोटा अंक काढायला घेतला आणि लेखासाठी थेट भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टला पत्र टाकलं. लव्हक्राफ्टने उत्तर दिलं. मार्च १९३७मध्ये तो वारला, तोवर पत्रं सुरूच होती. कॉनोव्हरने ती जपून ठेवली आणि १९७५ साली त्यांचं पुस्तक केलं. मोठ्या माणसाला न बिचकता गाठायचं, नेमकं विचारायचं आणि तो बोलायला लागला की आपण गप्प बसायचं, ही पत्रकाराची सवय त्याला पंधराव्या-सोळाव्या वर्षीच लागली असावी असं मला वाटतं. पुढे लुई आर्मस्ट्राँग, बिली हॉलिडे आणि ड्यूक एलिंग्टन यांच्याशी माइकसमोर बोलताना तीच त्याच्या कामी आली.

मेरीलँडमधल्या कंबरलंडच्या स्टेशनवर निवेदक, मग महायुद्धात लष्कर, मग वॉशिंग्टनचं डब्ल्यूडब्ल्यूडीसी, हा मधला प्रवास भराभर झाला. वॉशिंग्टनमध्ये मात्र थांबायला हवं. देशाच्या राजधानीतच तेव्हा काळ्यांनी कुठे बसायचं आणि गोऱ्यांनी कुठे, हे ठरलेलं होतं. कॉनोव्हरने क्लबांमध्ये मैफली भरवल्या त्या श्रोते एकत्र बसतील या अटीवर. ‘द ऑर्केस्ट्रा’ नावाच्या स्थानिक वाद्यवृंदाला त्याने उचलून धरलं. १९५३च्या फेब्रुवारीत या वृंदाबरोबर खुद्द सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर वाजवून गेला. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळतं.

६ जानेवारी १९५५ला ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या अमेरिकी सरकारच्या परदेशांसाठीच्या रेडिओवर त्याचा ‘म्युझिक यूएसए’ हा कार्यक्रम सुरू झाला. आठवड्यातून सहा रात्री. एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचं ‘टेक द ए ट्रेन’ वाजायचं आणि त्यामागून तो खर्जातला, संथ आवाज यायचा.

हा संथपणा नुसता स्वभावाचा नव्हता. शॉर्टवेव्ह म्हणजे काय, हे रेडिओ सिलोनवर वाढलेल्या पिढीला सांगायला नको. त्याच दशकात नभोवाणी मंत्री बी. व्ही. केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हद्दपार केलं आणि घराघरांतले काटे कोलंबोकडे सरकले. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरांत असलेल्या आयनोस्फिअरवर आदळून परततात, म्हणून हजारो किलोमीटर लांब उतरतात. पण तो थर काही स्थिर नसतो. आवाज भरून येतो, ओसरतो, मधेच खरखरीत बुडतो. वरच्या पट्टीतले बारकावे आधी जातात. झांजांची थरथर आणि ट्रम्पेटची धार पार बोथट होते. अशा वाटेने कार्यक्रम जाणार असेल तर निवेदकाने काय करावं? कॉनोव्हरने शब्द निवडून सोपे ठेवले, वाक्यं लहान केली, प्रत्येक नाव सुटं उच्चारलं. ऐकणाऱ्याचं इंग्रजी कच्चं आहे, त्याच्या हातात कागद-पेन्सिल आहे, हे धरून तो बोलायचा. पोलंडमध्ये, रशियात, क्यूबात कितीतरी जण वादकांची नावं अशीच उतरवून घेत, आणि त्याबरोबर इंग्रजीही शिकत.

सोव्हिएत सरकार परक्या केंद्रांवर गोंगाट सोडून ती बुजवून टाकत असे. पण त्यांचा मुख्य रोख रशियन भाषेतल्या प्रसारणावर होता. इंग्रजीतला संगीताचा कार्यक्रम बरेचदा त्यातून निसटायचा. शिवाय कॉनोव्हर राजकारणावर एक अक्षर काढत नसे. त्यामुळे त्याच्यावर बोट ठेवायचं कुठे, हाही प्रश्न होताच. ज्या देशात जॅझच्या रेकॉर्डी दुकानात मिळत नव्हत्या आणि लोक जुन्या एक्स-रे फिल्मवर चोरून गाणी कोरून विकत होते, तिथे रोज रात्री रेकॉर्ड वाजवणारा माणूस म्हणजे विद्यापीठच. पियानोवादक अॅडम मकोविच पोलंडमध्ये त्याला ऐकत जॅझकडे वळला. मॉस्कोचा ट्रम्पेटवादक व्हॅलेरी पोनोमारेव्ह असाच ऐकत शिकला आणि १९७०च्या दशकात न्यूयॉर्कला येऊन आर्ट ब्लेकीच्या ‘जॅझ मेसेंजर्स’मध्ये वाजवू लागला. १९५९मध्ये कॉनोव्हर वॉर्सोला उतरला, तेव्हा विमानतळावरची गर्दी पाहून विमानात कोणी बडी असामी असावी असं त्याला वाटलं, अशी गोष्ट सांगतात. गर्दी त्याच्यासाठीच होती.

मग हा प्रचार होता की नव्हता? होताच. सरकारी पैशाने चालणारं केंद्र फुकट गाणी वाजवत नसतं. आणि प्रचाराच्या या घोड्याचा एक पाय घरीच अडकलेला होता. १९५७ साली लिटल रॉकमध्ये काळ्या मुलांना शाळेत जाऊ देईनात, तेव्हा आर्मस्ट्राँगने आपल्याच सरकारवर जाहीर आग पाखडली आणि सरकारने ठरवलेला रशियाचा दौरा नाकारला. कॉनोव्हरचं उत्तर वेगळं होतं. जॅझमध्ये लय, पट्टी आणि स्वरांची चौकट वादक आधी मिळून ठरवतात आणि मग तिच्या आत ज्याला जे वाजवायचं ते वाजवायला मोकळा असतो. लोकशाही हीच, असं तो सांगायचा. मांडणी देखणी आहे. पण ती मांडणाऱ्या गोऱ्या माणसाला हॉटेलचं मागचं दार कधी वापरावं लागलं नव्हतं, हेही लक्षात ठेवायला हवं. त्याच्या गप्प राहण्याने कार्यक्रम टिकला. त्याच गप्प राहण्याने आर्मस्ट्राँगच्या रागाला मात्र त्या लहरींवर जागा मिळाली नाही.

१९४८च्या स्मिथ-मुंट कायद्याने ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चं साहित्य देशात प्रसारित करायला मनाई होती. सरकारने आपल्याच नागरिकांवर प्रचार करू नये, हा त्यामागचा हेतू, आणि तो वाईट म्हणता येणार नाही. पण त्यामुळे बुडापेस्टच्या ट्रॅममध्ये ओळखला जाईल असा आवाज वॉशिंग्टनच्या टॅक्सीत कुणाच्या गावी नव्हता. त्यात कॉनोव्हर केंद्राचा पगारी नोकर कधी झालाच नाही. त्याचं काम कंत्राटावर चालायचं. कोणती रेकॉर्ड लावायची हे कोणा साहेबाने सांगू नये, म्हणून त्याने ते तसंच ठेवलं. स्वातंत्र्य मिळालं, निवृत्तिवेतन नाही.

मानाचे प्रसंग आले नाहीत असं नाही. २९ एप्रिल १९६९ला एलिंग्टनच्या सत्तरीनिमित्त व्हाइट हाउसमध्ये मैफल झाली, तिचा वाद्यवृंद कॉनोव्हरने जमवला: जेरी मलिगन, पॉल डेझमंड, क्लार्क टेरी, हँक जोन्स, जिम हॉल. अध्यक्ष निक्सनने पियानोवर बसून वाढदिवसाचं गाणं वाजवलं. एलिंग्टनला स्वातंत्र्यपदक मिळालं; कॉनोव्हरला ते पदक मिळावं म्हणून पुढे मित्रांनी खटपट केली, ती फळाला आली नाही. आयुष्यभर सिगारेट ओढलेला हा माणूस मे १९९६मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेला. त्याचा संग्रह आता टेक्ससमध्ये डेंटनच्या विद्यापीठात आहे.

एक गोष्ट मात्र त्याच्या केंद्रामुळे उशिरा का होईना अमेरिकेच्या पदरात पडली. ७ जुलै १९५६च्या रात्री न्यूपोर्ट महोत्सवात एलिंग्टनच्या वृंदातला सॅक्सोफोनवादक पॉल गॉन्साल्व्हिस सत्तावीस आवर्तनांचा एकल तुकडा वाजवत राहिला आणि श्रोते अक्षरशः खुर्च्यांवर चढले. पण तो उभा होता चुकीच्या माइकसमोर. कोलंबिया कंपनीचा माइक बाजूला राहिला, समोर होता ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’चा. कोलंबियाच्या रेकॉर्डवर तो लांबून वाजवल्यासारखा ऐकू येतो, आणि त्या रेकॉर्डचा बराचसा भाग तर नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून वर टाळ्या चिकटवलेला. रेडिओची टेप हाती लागली १९९६मध्ये. मग दोन्ही ध्वनिमुद्रणं एकमेकांशी जुळवली, एक डाव्या बाजूला, एक उजव्या, आणि १९९९ साली संपूर्ण मैफल स्टिरिओत निघाली. गॉन्साल्व्हिस तिच्यात पहिल्यांदा जवळून ऐकू येतो. ऐकायची असेल तर ‘कंप्लीट’ असं छापलेली आवृत्ती घ्या, जुनी नको.