सुवर्णपदक एकाला, रुग्ण सगळ्यांना

निकाल लागला की आपल्या घरी पहिला प्रश्न येतो, "किती पडले?" चांगले पडले असतील तर लगेच दुसरा, "मग बक्षीस काय हवं?" दहावीच्या सायकलीपासून सुरू झालेली ही रीत मेडिकल कॉलेजातही सुटत नाही. सायकलीच्या जागी पदक येतं, एवढंच. माझी मावसबहीण इथेच हैदराबादेत एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्याशी बोलताना प्रश्न पडला, की बक्षीस ठेवलं म्हणजे होणारे डॉक्टर खरंच चांगले शिकतात का?

कल्पना जुनी आहे. कलकत्त्याचं मेडिकल कॉलेज १८३५ साली निघालं. प्रेताला हात लावणं तेव्हा धर्मबाह्य मानलं जाई. अशा काळात द्वारकानाथ टागोरांनी विद्यार्थ्यांच्या बक्षिसांसाठी वर्षाला २,००० रुपये, तीन वर्षं देऊ केले. पुढे १८४५ मध्ये दोन विद्यार्थ्यांच्या विलायतेतल्या शिक्षणाचा खर्चही उचलला. लोक ज्या वाटेला जायला कचरत होते, त्या वाटेवर पहिलं पाऊल टाकायला बक्षिसाने बळ दिलं.

त्याच १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. पहिल्या तुकडीत आपले भाऊ दाजी लाड होते. बालकन्याहत्येवरच्या निबंधाला त्यांना आधीच बक्षीस मिळालेलं होतं, म्हणजे बक्षिसाचं त्यांना वावडं नव्हतं. पण डॉक्टर झाल्यावर त्यांनी गोरगरिबांना फुकट औषध दिलं, कुष्ठरोगावरच्या उपायाचा वर्षानुवर्षं शोध घेतला. त्या कामाची ना परीक्षा होती, ना पदक.

मग बक्षिसाने नेमकं काय होतं? १९७१ मध्ये एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने कॉलेजच्या मुलांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काही जणांना प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर दिला. पैसे बंद झाल्यावर मोकळ्या वेळात ही मुलं त्या कोड्यांकडे पूर्वीइतकी वळेनात. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर असाच प्रयोग केला. "चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक मिळेल" असं आधी कबूल केलेल्या मुलांची आवड नंतर ओसरली. तेच पत्रक अचानक मिळालेल्यांची मात्र टिकली. म्हणजे बक्षीस सौदा झालं की कामातला रस आटतो. शाबासकीसारखं आलं तर तसं होत नाही.

आता आपल्याकडे या. तेलंगणातली मेडिकल कॉलेजं वरंगळच्या काळोजी नारायण राव आरोग्यविज्ञान विद्यापीठाखाली येतात. (तेलुगूचे थोर कवी काळोजी यांचे वडील मराठी, हे आपल्या मंडळाने विसरू नये!) वर्गात दीडशे-दोनशे मुलं आणि पदक एकाला. पहिल्या पाचांत चुरस लागते. पण जो ५० टक्क्यांच्या काठावर धडपडतोय, त्याला त्या पदकाचं काय? "ते आपलं नव्हेच," म्हणून तो मोकळा होतो. आणि उद्या रुग्ण तर त्याच्याकडेही येणार आहेत. ताप घेऊन आलेला माणूस डॉक्टरचं गुणपत्रक मागत नाही.

शिवाय ज्याला बक्षीस, तेच वाढतं. गुणांना बक्षीस ठेवलं की जुन्या प्रश्नपत्रिका पाठ होतात. रुग्णाशेजारी बसून त्याची हकीकत नीट ऐकून घेणं मागे पडतं.

म्हणून बक्षिसं बंदच करा, असं मी म्हणत नाही. मला वाटतं, ती लहान असावीत आणि पुष्कळांना मिळावीत. मागच्या परीक्षेपेक्षा दहा गुण जास्त पडले, तर त्याचीही दखल घ्यावी. बक्षीस त्याच विद्येतलं असावं, म्हणजे एखादं पुस्तक किंवा शस्त्रक्रियेत मदतीला उभं राहण्याची संधी. माझ्या बहिणीच्या एका सरांनी वॉर्डात तिने केस मांडल्यावर सगळ्यांसमोर एवढंच म्हटलं, "रुग्णाला तू छान बोलतं केलंस." त्या आठवड्यात ती ड्यूटी नसतानाही दोनदा त्या रुग्णाला बघून आली. पदकाने हे झालं असतं का, सांगता येत नाही. त्या एका वाक्याने मात्र झालं.